हजेरीपट कोणी वाचावयाचा?



व्याख्यानमालेच्या चालकांनी जेव्हा मला 'कारखान्याचा कारभार आणि माहितीचे यंत्र' हा विषय सुचविला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून, आणि तेसुद्धा विद्येच्या ओढीने म्हणावे तर तसे नाही; मालकाच्या वकिलाला कामगार न्यायालयात उत्तर देता यावे, एवढ्याच हेतूने. व्यवस्थापनशास्त्राचे एखादे प्राध्यापक ह्या विषयावर अधिक शास्त्रशुद्ध बोलतील असे मी सुचविले. चालक म्हणाले, "मोजणाऱ्यांची बाजू आम्ही पुष्कळ ऐकली. ज्यांना मोजले जाते त्यांची एकदा ऐकू द्या." हे मला पटले, म्हणून आपल्यापुढे उभा आहे.

कारखान्यांत आणि कचेऱ्यांत हल्ली 'मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम' असा शब्द फार ऐकू येतो. त्याचा साधा अर्थ एवढाच की, जेथे काम चालते तेथली खबर, जेथून हुकूम सुटतो तेथपर्यंत नेमाने पोचविण्याची बांधलेली रीत. ही रीत संगणकाबरोबर जन्माला आली असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. ही रीत आपल्या कृष्णाकाठी फार जुनी आहे आणि तिचे गुणदोषही जुनेच आहेत. मी तीनच प्रश्न हाती घेऊन हा इतिहास चाळणार आहे. नोंद कोण करतो? ती कोण वाचतो? आणि ती चुकली, तर 'चुकली' असे म्हणण्याची सोय कोणाला आहे?

सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे आज आपण म्हणतो. पण १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. त्याआधीच्या इतिहासात हा सगळा, काही संस्थानांचे तुकडे सोडले तर, एकच मुलूख होता. म्हणून मीही तो एकच धरतो.

१

वाईहून दोन कोसांच्या आत मेणवली आहे. तेथला घाट आणि नाना फडणिसांचा वाडा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. नानांचा जन्म १७४२ चा, साताऱ्याचा. शाळेत आपण त्यांना मुत्सद्दी म्हणून शिकतो. माझ्यासारख्याला मात्र त्यांच्या नावातला 'फडणीस' हा शब्दच अधिक महत्त्वाचा वाटतो. फड म्हणजे हिशेबाची कचेरी, आणि फडणीस म्हणजे त्या कचेरीचा मुख्य. पेशव्यांच्या राज्यातला हा एक थोर माणूस मुळात जमाखर्च तपासणाऱ्यांचा नाईक होता.

त्या काळी खबर कशी चाले ते पाहा. गावात पाटील आणि कुलकर्णी. पाटलाने वसूल करावयाचे, कुलकर्ण्याने लिहावयाचे. परगण्यात देशमुख आणि देशपांडे, पुन्हा तीच जोडी: एक करणारा, एक लिहिणारा. त्यांच्यावर सरकारचा कमाविसदार किंवा मामलेदार. खालून गावाचे आकडे वर जात, त्यांवरून वर्षाचा अंदाज बांधला जाई आणि वर्षअखेर हिशेब हुजूर दफ्तरात दाखल होई. पुण्याच्या त्या दफ्तरात रोजच्या व्यवहाराचे 'चालते दफ्तर' वेगळे आणि जमलेल्या हिशेबांची बेरीज मांडणारे 'एकबेरीज दफ्तर' वेगळे. आज संगणकातून निघणारा मासिक गोषवारा म्हणजे वेगळे काय असते?

पण त्या व्यवस्थेतली खरी शहाणपणाची गोष्ट पुढेच आहे. मामलेदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, चिटणीस, पोतनीस असे अंमलदार असत. त्यांना 'दरकदार' म्हणत. हे मामलेदाराच्या हाताखाली काम करीत, परंतु त्यांना काढण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. त्यांची नेमणूक वरून होई. कागदावर एकाने लिहावयाचे, दुसऱ्याने तपासावयाचे, तिसऱ्याने शेरा मारावयाचा. मामलेदाराने गफलत केली तर ती वर कळविणे हे त्यांचे कामच होते. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या कारभाराविषयी लिहिताना ह्या दरकदारांचे महत्त्व दाखवून दिले आहे. ज्याचा कारभार मोजावयाचा, त्याच्याच पगारावर मोजणारा अवलंबून राहू नये, हे तत्त्व आमच्या पूर्वजांना अठराव्या शतकात कळलेले होते. एकविसाव्या शतकातल्या कित्येक कारखान्यांच्या टाइम ऑफिसला ते अजून कळावयाचे आहे.

ही घडी मोडली कशी, तेही सांगण्यासारखे आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत महाल मक्त्याने देण्याची रीत वाढली. जो अधिक रकमेची बोली करील त्याला महाल. एकदा मक्ता दिला की सरकारला ठरलेल्या रकमेशी काम. रयतेकडून किती घेतले, कसे घेतले, गाव बसले की उठले, ह्याची खबर वर येण्याची गरजच उरली नाही. दफ्तर ओस पडत गेले. १८१८ साली इंग्रजांनी राज्य घेतले तेव्हा त्यांना आढळले की, जुन्या काळचे कागद नीट लावलेले आहेत आणि अखेरच्या वीस-बावीस वर्षांचे मात्र विस्कळीत आहेत. हा भाग मी आमच्या सभासदांना नेहमी सांगतो, कारण आजच्या ठेकेदारी पद्धतीत हेच घडते. मुख्य कंपनीच्या संगणकात स्क्रूचासुद्धा क्रमांक असतो, परंतु ठेकेदाराच्या माणसाचे नाव नसते. तेथे फक्त ठेक्याची रक्कम असते.

मात्र जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाऊन मी थांबलो तर तो अप्रामाणिकपणा होईल. दरकदारांची साखळी मामलेदारावर नजर ठेवी. रयतेच्या हाती तिचा कोणताच दुवा नव्हता. मोडी लिहिणारा-वाचणारा गावात एकच, आणि त्याने काय लिहिले हे ज्याच्याविषयी लिहिले त्याला कळण्याचा मार्ग नाही. ह्या अन्यायावर सर्वांत कडक बोट ठेवले ते महात्मा फुल्यांनी. त्यांचे मूळ गाव कटगुण, आपल्याच खटाव तालुक्यातले. लेखणी एकाच्या हातात आणि अंगठा दुसऱ्याचा, ही स्थिती शेतकऱ्याला कशी बुडविते हे त्यांनी १८८३ च्या सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' लिहून मांडले. शिक्षणाचा एक मोठा उपयोग म्हणजे आपल्या नावावर काय लिहिले आहे ते वाचता येणे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेचा आरंभ केला त्यामागेही, माझ्या समजुतीप्रमाणे, हाच विचार होता.

२

आता कारखान्याकडे येऊ. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून कुंडलच्या माळावर आले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी त्यांना बत्तीस एकर जमीन आणि कर्ज दिले. माळावर निवडुंग आणि साप. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लक्ष्मणरावांच्या भोवती जमलेली माणसे पाहिली म्हणजे त्यांची व्यवस्था ध्यानात येते: यंत्रशाळेकडे शंभूअण्णा जांभेकर, वसाहतीकडे रामूअण्णा, हिशेबाकडे मंगेशराव रेगे. आरंभीची वस्ती थोड्या कुटुंबांची. मालक सकाळी वाडीतून चालत निघाला की कोण आजारी, कोणाच्या घरी बारसे, कोणाचा हात कामात बसत नाही, हे त्याला चालता चालता कळे.

नजर पोचते तेथवर नोंदीची गरज भासत नाही. हा आपुलकीचा कारभार होता ह्यात शंका नाही. परंतु आपुलकी हासुद्धा कारभाराचा एक प्रकार आहे, हे विसरू नये. मालकाच्या नजरेतून उतरलेल्या माणसाला दाखविण्यासारखा कागद त्या पद्धतीत नसतो. मोठेपणी वाढलेल्या कारखान्याला नजर पुरत नाही, मग पत्रके येतात. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. ती पुढे महाराष्ट्रातले नामांकित मासिक झाली, तरी मुळात नावाप्रमाणेच कारखान्याची खबर होती. कारखान्याने आपल्याविषयी बाहेर काही छापून सांगावे, ही त्या काळी नवी गोष्ट होती. कामगाराने कारखान्याविषयी काही विचारावे आणि त्याचे उत्तर छापून मिळावे, ही त्यापुढची पायरी. ती पायरी वाडीत घडली नाही. तिच्यासाठी मुंबईच्या गिरणगावाकडे पाहावे लागते.

३

मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीखालोखाल माणसे गेली ती घाटावरून, आणि त्यांत सातारा जिल्ह्याचा वाटा मोठा. माण, खटाव, खानापूर, आटपाडी हा पाऊस न पडणारा पट्टा; त्याने गिरण्यांना माणसे पुरविली. गावी आलेल्या मनीऑर्डरीवर येथली घरे चालली.

गिरणीत ह्या माणसाला तिकीट मिळे. पण त्याची खरी नोंद असे ती जॉबरच्या डोक्यात. कामावर कोण घ्यावयाचा, बदलीला कोण बोलवावयाचा, रजेवर गेलेल्याची जागा परत द्यावयाची की नाही, हे जॉबर ठरवी आणि त्यासाठी दस्तुरी घेई. मालकाला कापडाच्या वाराचा हिशेब पाठ, पण आपल्या गिरणीत कोण काम करतो हे मालकाला जॉबरकडून कळे. १९३१ साली रॉयल कमिशनने आपल्या अहवालात ह्या पद्धतीवर कडक टीका केली आणि कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. पुढे १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांची यादी ठेवण्यास आरंभ केला. जॉबरच्या डोक्यातले कागदावर आले हे चांगले झाले. परंतु कागद मालकांच्या कपाटात गेला.

त्याआधीची १९२८ ची गोष्ट ह्याहून मोठी आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाच्या गृहस्थाने घड्याळ हाती धरून कामगाराच्या प्रत्येक हालचालीला किती वेळ लागतो हे मोजण्याचे शास्त्र काढले. त्याचे पुस्तक १९११ चे. कामाचे ज्ञान कारागिराच्या बोटांतून काढून व्यवस्थापकाच्या तक्त्यात घालावयाचे, हे त्याचे सूत्र होते. मुंबईच्या गिरण्यांत हा वारा 'एफिशियन्सी' ह्या नावाने आला. दोन मागांऐवजी तीन माग, एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळा असे हुकूम सुटले. एप्रिल १९२८ मध्ये संप पेटला आणि दीड लाखांच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर राहिले. जोशी, डांगे आदींच्या संयुक्त समितीने सतरा मागण्या मांडल्या. अखेर फॉसेट कमिटी बसली आणि तिच्यापुढे दोन्ही बाजूंनी दर, माग, सुताचे नंबर, माणसांची संख्या ह्यांचे तक्ते मांडले. संपाचे फळ पुढे टिकले नाही हे खरे. पण एक गोष्ट तेव्हा प्रथम घडली: गिरणीच्या आत किती काम कसे मोजले जाते हा प्रश्न उघड्या चौकशीत आला, आणि कामगारांचे प्रतिनिधी आकड्यांना आकड्यांनी उत्तर देत बसले.

ह्या मार्गावरचा पहिला दगड रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी रोवला होता, त्यांचे स्मरण येथे केलेच पाहिजे. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. आठवड्याची सुट्टी मागितली, तशी ठराविक तारखेच्या आत पगार मिळण्याचीही मागणी केली. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. पगाराच्या तारखेला कायद्याचे बळ यावयास १९३६ चा वेतन कायदा उजाडला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगारांची नोंदवही, कामाच्या वेळांची भिंतीवरची सूचना आणि जादा कामाला दुप्पट दर ह्या गोष्टी बंधनकारक केल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे नव्या श्रमसंहितांत सामावले गेले; वेतनपावती आणि नोंदवही त्यांतही राहिल्या. मला ह्यातून काढावयाचा अर्थ असा: हजेरीपट हा एकट्या मालकाचा कागद राहिला नाही. तपासनीस तो मागू शकतो, न्यायालय तो मागू शकते. दरकदाराचे तत्त्व कायद्याच्या रूपाने पुन्हा आले.

४

१९५१ साली लंडनमध्ये लायन्स नावाच्या चहाच्या दुकानांच्या कंपनीने स्वतःच एक संगणक बांधून कामाला लावला. त्यावर पाव आणि केक ह्यांचा खर्च मोजण्यापासून आरंभ झाला, आणि पुढे पगारपत्रके निघू लागली. व्यापाराच्या रोजच्या कामाला जुंपलेला हा जगातला पहिला संगणक. आपल्याकडे साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हणताच कर्मचाऱ्यांनी, विशेषतः कलकत्त्यास, मोठा लढा दिला. १९६९ मध्ये सरकारने प्रा. वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल १९७२ चा. १९८३ साली बँकांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणाचा करार केला.

ह्या लढ्यांविषयी मला आदर आहे. तरीही आमच्या चळवळीची एक चूक येथे नोंदली पाहिजे. आम्ही विचारले, 'यंत्राने किती माणसे जातील?' प्रश्न योग्यच होता. पण 'यंत्रात काय साठेल, ते कोणाला दिसेल आणि चुकले तर कोण दुरुस्त करील?' हा दुसरा प्रश्न आम्ही विचारला नाही. करारात माणसांचे आकडे आले. माहितीचा हक्क आला नाही.

व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांनाही त्या काळी सगळे गोड दिसत नव्हते. १९६७ साली रसेल अॅकॉफ नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने लिहिले की, व्यवस्थापकांची अडचण माहिती कमी असल्याची नसून निरुपयोगी माहिती फार असल्याची आहे, आणि जी यंत्रणा आपल्याला समजत नाही ती व्यवस्थापक तपासूही शकत नाहीत. हे मी वाचले तेव्हा मला आमच्याच एका कारखान्यातला प्रसंग आठवला. तो मी आता सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. त्याचे कारणही ओघात कळेल.

५

सांगलीच्या औद्योगिक वसाहतीतली ती एक फाउंड्री. पूर्वी तेथे पंचिंगचे कार्ड होते. फाटकाजवळच्या खणांत कार्डे उभी असत. आत जाताना, बाहेर पडताना आपले कार्ड आपल्या डोळ्यांना दिसे. मग अंगठा लावण्याचे यंत्र आले. कार्डांचे खण निघाले. वर्षभराने कुरकुर सुरू झाली की, पगार थोडा थोडा कमी पडतो. कोणाचे ऐंशी रुपये, कोणाचे दीडशे. टाइम ऑफिसात विचारले तर उत्तर एकच, "कॉम्प्युटर चुकत नाही."

आम्ही ठरविले की, महिनाभर प्रत्येकाने आपली वेळ आपण लिहावयाची. पहिल्या आठवड्यात बहुतेकांच्या वह्या ओस पडल्या. थकून घरी गेलेला माणूस कोठे लिहीत बसतो? कोअर शॉपमध्ये एक मावशी होत्या. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जादा तासाला एक टिंब, अर्ध्या तासाला एक आडवी रेघ, असा हिशेब ठेवला. महिनाअखेर सगळ्यांत बिनचूक हिशेब त्यांचा निघाला. त्यांच्या टिंबांवरून आम्हांला यंत्राची रीत उमगली: जादा काम अर्ध्या तासाच्या आत असेल तर यंत्र ते शून्य धरी, आणि यावयास सहा मिनिटे उशीर झाला तर अर्धा तास कापी. तोडताना पूर्ण, देताना काही नाही.

ती दिनदर्शिका घेऊन आम्ही व्यवस्थापकांकडे गेलो. मी भांडण्याच्या तयारीने गेलो होतो. गृहस्थांनी ती नीट पाहिली आणि विचारले, "हा नियम कोणी घातला?" त्यांनाच ठाऊक नव्हते! चौकशी केली तेव्हा निघाले ते असे: यंत्र बसविणाऱ्या मुलाने तीन वर्षांपूर्वी फोनवर कोणाला तरी विचारले, कोणी तरी काहीतरी सांगितले, आणि त्याने ते यंत्रात भरले. सांगणारा नोकरी सोडून गेला होता. म्हणजे शेकडो पगारांवर तीन वर्षे एक हुकूम चालू होता आणि त्या हुकमाचा धनी कोणीच नव्हता. व्यवस्थापकांना वाटे की यंत्र आपल्या ताब्यात आहे. यंत्राने आकडे दिले आणि त्यांनी त्यांवर सह्या केल्या, इतकेच.

नियम बदलला. सहा महिन्यांचा फरक मिळाला. आधीचा मिळाला नाही, कारण त्या काळच्या नोंदी यंत्राने पुसल्या होत्या आणि आमच्याकडे टिंबे नव्हती. दर महिन्याच्या तीन तारखेला प्रत्येकाच्या हजेरीचा कागद फलकावर लावावयाचा, आणि त्यानंतर दोन दिवस हरकत घेता येईल, असे ठरले. तेवढेच आमचे यश.

पण गोष्ट येथे संपत नाही. त्या विजयाच्या सभेत मी मोठ्या तोऱ्यात भाषण केले. भाषण संपल्यावर मोल्डिंगमधला एक पोरसवदा कामगार उठला आणि म्हणाला, "भाऊ, मालकाची वही आपण फलकावर आणली, बरं झालं. आपल्या युनियनच्या वर्गणीची वही मात्र आम्ही अजून बघितली नाही." सभा हसली. मला हसू आले नाही. वर्गणीत घोटाळा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पण ती वही माझ्या पिशवीत असे आणि वर्षातून एकदा मी एक बेरीज वाचून दाखवी. कुलकर्ण्याच्या दफ्तरावर व्याख्याने देणारा मी, माझ्या पिशवीत तेच दफ्तर घेऊन हिंडत होतो. त्या महिन्यापासून आमच्या सभेत पहिले काम म्हणजे वहीचे जाहीर वाचन. त्याने सभा लांबते, कधी तोंडाला तोंड लागते. पण वर्गणी वाढली.

६

आपल्या मुलखाला जाहीर वाचन नवे नाही. चावडीवर कागद वाचून दाखविण्याची चाल जुनी आहे. २०१७ साली सातबारा उतारे संगणकावर चढविताना सरकारने गावोगाव चावडीवाचन घेतले ते ह्याच कारणासाठी, की लोकांनी ऐकावे आणि चूक दाखवावी.

हजेरीपटाचा सर्वांत मोठा धडा मात्र ह्या जिल्ह्यांनी दुष्काळी कामांवर घेतला. विसापूरचे वि. स. पागे हे रोजगार हमी योजनेचे जनक; तासगाव तालुक्यातल्या काही गावांत त्यांची कल्पना आधी अजमावली गेली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली, आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तिला कायद्याचे बळ आले. खडी फोडणाऱ्या बायकांचे पोट तेव्हा दोन कागदांवर अवलंबून असे: हजेरीपट आणि मोजमाप पुस्तक. खोदलेली माती अभियंत्याने कमी मोजली की मजुरी कमी; हजेरीपटावर खोटी नावे चढली की खरी माणसे उपाशी. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि खानापूर तालुक्यातले कामगार गावी परतले. त्यांच्यातून मुक्तिसंघर्ष चळवळ उभी राहिली. ज्यांनी गिरणीत तक्ते वाचले होते, त्यांनी रोजगार हमीच्या कामावर विचारावयास आरंभ केला: हे काम कोणी ठरविले? ह्या रस्त्याने दुष्काळ कसा हटतो? पाण्याचा हिशेब दाखवा. त्यातूनच पुढे येरळेवर लोकांच्या श्रमाने बळीराजा धरण झाले. संप हरला, पण विचारण्याची सवय घरी आली, ती गेली नाही.

ह्याच प्रश्नावर राजस्थानातल्या मजुरांनी १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या. हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले तेव्हा मेलेल्या माणसांची नावे कामावर निघाली. त्या वाचनातून माहितीच्या हक्काची मागणी वाढली. महाराष्ट्राने २००२ साली आणि देशाने २००५ साली तो कायदा केला. सरकारची वही आज तुम्ही-आम्ही मागू शकतो. खाजगी कारखान्याची वही अजून तपासनीसामार्फतच मागावी लागते.

मित्रहो, आता अंगठ्याच्या जागी चेहरा आला आहे, यंत्राजवळ उभे राहिल्याचे सेकंद मोजले जातात, आणि घरोघर सामान पोचविणाऱ्या मुलाला त्याचा मुकादम कधी दिसतच नाही. फोन त्याला काम देतो आणि फोनच बंद करतो. ह्या मोजण्याला माझा विरोध नाही. न मोजलेल्या कामाचा पगार कोणी देत नाही, हे मी तीस वर्षे पाहिले आहे. पण मोजणी करावयाची असेल तर मामलेदाराने न नेमलेला एक दरकदार तेथे असला पाहिजे, ज्याला मोजले त्याला आपला आकडा त्याच्या भाषेत दिसला पाहिजे, आणि 'हे चुकले' असे म्हटल्यावर त्याला उत्तर देणारा एक जिवंत माणूस नावानिशी सापडला पाहिजे. ह्या तीन मागण्या आम्ही आता प्रत्येक करारात घालतो. बहुतेक ठिकाणी त्यांतली एखादीच मान्य होते.

त्या मावशी तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी ती जुनी दिनदर्शिका माझ्या हवाली केली. ती आमच्या कचेरीत भिंतीवर आहे. नवा सभासद आला की आम्ही त्याला आधी ती दाखवितो, आणि एक कोरी वही देतो.